हात वर करा, मामा

सलूनवाला म्हटला की तो बोलका असणार, अशी आपली समजूत असते. हळूमामांनी ती एकट्याच्या जोरावर खोटी पाडली होती. त्यांच्या दुकानात रेडिओ बोले, गिऱ्हाइकं बोलत, छताचा पंखासुद्धा कुरकुर करी. मामा मात्र ओठ मिटून कात्री चालवत. आणि चालवत म्हणजे किती हळू! एक गाल तासून होईपर्यंत दुसऱ्या गालावर पुन्हा खुंट उगवतात, असं पोस्टमास्तर सगळ्यांना सांगत. हे पोस्टमास्तर टपालखात्यातून निवृत्त झालेले, दिवसाआड दाढीला येणारे, आणि येताना जिभेला धार लावून येणारे. हळूमामा हे नाव त्यांनीच पाडलं होतं. मामांनी कधी हरकत घेतली नाही. वस्तऱ्याने आजवर कुणाच्या गळ्यावर साधा ओरखडा उठला नव्हता, एवढी एकच गोष्ट ते मनातल्या मनात मिरवत आणि पुढच्या माणसाच्या गळ्यात टॉवेल खोचत.

दुकान उघडायच्या आधी ते शटर अर्धंच वर करून आत शिरत. मागच्या बाजूला टॉवेल ठेवायचं एक लाकडी बाकडं होतं. त्याला कोपर टेकवून मामा गुडघ्यांवर बसत आणि प्रार्थना करत. दिवसभर दुकानात वाचवलेले सगळे शब्द ते तिथे खर्च करत असावेत, कारण मामी एकदा डबा द्यायला लवकर आल्या तेव्हा नवऱ्याला एवढं बोलताना ऐकून दारातच थबकल्या होत्या. कुणाची बायको आजारी, कुणाच्या पोराला नोकरी नाही, कुणाचं भावाशी पटत नाही... खुर्चीत बसून लोक जे जे ओकून जात, ते सगळं मामा देवाच्या कानावर घालत. स्वतःसाठी फारसं मागत नसत. मागायला काही नव्हतंच.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला.

आधी बशीत चहा सांडायला लागला, मग शर्टाचं बटण लागेना, मग कंगव्याने केस धरून कात्री लावताना पाती एकमेकांवर वाजू लागली. डॉक्टरांनी मामांना हात पुढे धरायला लावलं, कागदावर रेघ ओढायला लावली आणि सांगितलं की हा कंप आहे, घराण्यातून येतो. कधी कमी होईल, कधी वाढेल, पण मुळापासून जाणार नाही. मामांनी गोळ्या आणल्या, घेतल्या, कंटाळून सोडल्या. दुसऱ्या कुणाचा हात थरथरला तर त्याचं पोट उपाशी राहत नाही. वस्तरा धरणाऱ्याचं राहतं.

मामा ज्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जात तिथे तेव्हा नवे पाळकसाहेब आले होते. वयाने तरुण, मनाने चांगले, आवाज असा की त्यांना माईक देणं म्हणजे शेजाऱ्यांवर अन्याय. त्यांनी आजाऱ्यांसाठी खास प्रार्थनासभा ठेवली. मामांना पुढे बसवलं, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले, आणि सगळ्यांनी मिळून कळवळून प्रार्थना केली. मामांना मनगटात ऊब जाणवली. दुसऱ्या दिवशी दुकानात वस्तरा उचलला तर हात दगडासारखा स्थिर! मामा खुर्चीच्या पाठीला धरून रडले. गिऱ्हाइकाला वाटलं, घरात कुणी गेलं.

पुढच्या रविवारी त्यांनी साक्ष दिली. देवाने आपल्यासाठी काय केलं हे चारचौघांसमोर उभं राहून सांगायचं, ही तिथली रीतच होती. पण मामांना उभं राहून बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. चार वाक्यं बोलून ते खाली बसायला निघाले. पाळकसाहेब उत्साहाच्या भरात ओरडले, "हात वर करा, मामा! बघू दे सगळ्यांना!" मामांनी हात वर केला. बोटं सरळ, मनगट सरळ. हालेलूयाच्या गजराने छताची धूळ खाली आली.

इथवर सगळं चांगलंच झालं, असं मी म्हणेन. बिघडलं ते यानंतर. कारण पुढच्या रविवारीही पाळकसाहेब म्हणाले, "हात वर करा, मामा," आणि त्याच्या पुढच्याही. हळूहळू तो उपासनेचा भागच होऊन बसला. दुसऱ्या गीतानंतर मामांचा हात, मग शास्त्रवाचन. नवी माणसं येऊ लागली, ती आधी विचारत, हात बरा झालेले ते कोण? लोक पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा त्या हाताची जास्त वाट पाहू लागले, आणि बिचाऱ्या पाळकसाहेबांच्या हे लक्षातच आलं नाही.

थरथर परत आली तेव्हा खुर्चीत पोस्टमास्तर होते. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, गळ्यावर फेस. मामांनी पातं टेकवलं आणि त्यांना ते जाणवलं, मनगटाच्या आत काहीतरी फडफडलं. त्यांनी झटकन हात मागे घेतला.

"धार गेलीय," मामा म्हणाले.

पोस्टमास्तरांनी डोळे उघडले. आरशात मामांचा हात दिसत होता. ते उठून बसले, स्वतःच टॉवेलने फेस पुसला आणि सवयीप्रमाणे बोलून गेले, "देवाने उसना दिला होता वाटतं हात. परत मागून घेतला."

बोलल्यावर त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. जाताना दारात उगाच घुटमळले, हवापाण्याचं काहीतरी बोलले. पण शब्द तीर सुटावा तसा सुटून गेला होता.

आता रविवारी काय करायचं? मामांना एक युक्ती सापडली. हातात काही जड धरलं आणि घट्ट आवळलं की थरथर दबते. त्या रविवारी "हात वर करा" म्हटल्यावर त्यांनी गीतांचं जाडजूड पुस्तक मुठीत धरून उंचावलं. लोकांना ते फारच आवडलं. पुढच्या रविवारी निम्म्या मंडळीने आपापली पुस्तकं उंचावली! मामांना हसावं की रडावं कळेना. घरी आल्यावर खांदा एवढा दुखत होता की मामींनी तेल चोळून दिलं आणि चोळता चोळता विचारलं,

"हे किती दिवस चालणार?"

"काय?"

"अहो, तुमच्याशी संसार केलाय मी. भाताचा घास तोंडात जाईपर्यंत ताटात निम्मा सांडतो, आणि मला विचारता काय?"

मामा म्हणाले, "लोक माझ्याकडे बघून विश्वास ठेवतात. मी खरं सांगितलं तर देवाची अब्रू जाईल."

मामींनी तेलाची बाटली खाली ठेवली. "देवाची अब्रू तुमच्या मनगटाला टांगली आहे का?"

मामांना राग आला आणि ते न जेवता झोपले.

सकाळच्या बाकड्याजवळचं बोलणंही आटलं होतं. मामा गुडघे टेकत, कोपर ठेवत आणि टॉवेलांच्या चळतीकडे बघत राहत. दुसऱ्यांची दुखणी आठवत, पण ती देवाला सांगायला तोंड उघडेना. मनात एकामागून एक विचार येत आणि प्रत्येक जण आपलंच खरं असं सांगे. तुझा विश्वास कमी पडला. नाही, तू काहीतरी पाप लपवलं आहेस. नाही रे बाबा, काही झालंच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, कधी कमी होईल, कधी वाढेल? हा शेवटचा विचार सगळ्यात शांतपणे येई, आणि मामांना त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटे. कारण तो एकदा खरा मानला की पुढे बाकडं नको, रविवार नको, शटर सरळ वर ओढायचं आणि पहिलं गिऱ्हाईक घ्यायचं. किती सोपं! एका सकाळी ते उठूनही उभे राहिले. शटरला हात घातला. मग परत आले, पुन्हा गुडघे टेकले आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं: "बरा केलाच नसतास तर मी एका शब्दाने बोललो नसतो. देऊन काढून का घेतलंस?"

उत्तर आलं नाही. पण मामा दुसऱ्या दिवशीही तिथे बसले, आणि तिसऱ्या. का बसतो ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आपण कुणाशी तरी भांडतोय, म्हणजे समोर कुणीतरी आहे, एवढंच त्यांना त्या दिवसांत धरून ठेवायला पुरलं.

असे ते कसेबसे तग धरून होते, तेवढ्यात शिवणवाली ताई दुकानात आली.

ही मंडळीतलीच मुलगी. आईबरोबर राहायची, घरी बसून लोकांचे कपडे शिवायची, हात इतका सफाईदार की उसवलेलं कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. लहानपणापासून तिला फिट येत. गोळ्या चालू होत्या म्हणून बरीच वर्षं निभावलं होतं. ती सलूनच्या दारातच उभी राहिली, आत गिऱ्हाईक होतं म्हणून संकोचली, आणि मामांना बाहेर बोलावून म्हणाली, "मामा, मी गोळ्या बंद केल्या."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर काय सांगणार? तुमचा हात बघते ना मी दर रविवारी. म्हटलं, मामांना दिलं ते मला का नाही देणार? मीपण विश्वासाने सोडल्या." मग ती हसून, थोडी लाजून म्हणाली, "तुम्हाला सांगू? मोठी झाल्यापासून मी कधी बाथरूमची कडी लावून अंघोळ केलेली नाही. आई लावू देत नाही, आत काही झालं तर? आता लावते. आतून कडी लावते आणि गाणं म्हणते."

मामांचा हात एप्रनच्या खिशात होता. खिशात तो पाखरासारखा उडत होता. त्यांनी तोंड उघडलं, पण ताईच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की त्यांनी नुसती मान डोलावली. ती गेली. मामा आत आले आणि त्यांनी त्या गिऱ्हाइकाचे केस एका बाजूने इतके बारीक कापले की दुसरी बाजूही तशीच करावी लागली.

संध्याकाळी ते पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब उपदेशाची टिपणं काढत बसले होते. मामांनी काही न बोलता हात टेबलावर ठेवला. टेबलावरचं पेन खडखडू लागलं.

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मामा, ही परीक्षा आहे. आपण पुन्हा प्रार्थना करू. पण इतक्यात लोकांना सांगू नका. नवी माणसं आत्ता कुठे येतायत. कच्चा विश्वास असतो, मोडून पडेल."

"शिवणवाल्या पोरीने गोळ्या सोडल्या, साहेब. माझा हात बघून."

पाळकसाहेब उठले, खिडकीपाशी गेले. "मी... मी कधी कुणाला औषध सोडायला सांगितलं नाही, मामा."

"मीपण नाही सांगितलं. आपण फक्त हात वर केला."

पाळकसाहेबांनी खिडकी लावून घेतली. ते वाईट नव्हते हो; घाबरले होते. आपल्या सांगण्यावरून शंभर माणसं चालतात हे कळलं की कुणीही घाबरतो. "मला रविवारपर्यंत विचार करू द्या," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी काय विचार केला कोण जाणे, पण रविवारी दुसरं गीत संपलं तेव्हा ते नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. शास्त्राची पानं उलटू लागले. लोक चुळबुळले. मागून कुणातरी हौशी माणसाने आवाज दिला, "मामांचा हात राहिला!" आणि दोन-चार जण हसले, टाळ्या वाजल्या.

मामा उभे राहिले. गीतांचं पुस्तक त्यांनी बाकावर ठेवलं. मामींनी ते उचलून त्यांच्या हातात द्यायचा प्रयत्न केला नाही, उलट आपल्या मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवले. मामांनी रिकामा हात वर केला.

तो थरथरत होता. नुसता थरथरत नव्हता, इतके दिवस दाबून ठेवल्याचा वचपा काढत असल्यासारखा कोपरापासून हलत होता. पहिल्यांदा कुणाला कळेना. मग सगळ्यांना कळलं.

"हा असा आहे," मामा म्हणाले. "बरेच दिवस झाले. मी लपवला. पुस्तक धरून उभा राहायचो. मला वाटलं, मी देवाची लाज राखतोय. मी माझी राखत होतो."

"विश्वास सोडू नका, मामा!" पुढून एक वडीलधारे म्हणाले.

"सोडला नाही, दादा. सोडायला गेलो होतो, तेपण सांगतो." मामांचा श्वास लागला होता; एवढं बोलायची सवय कुठे होती! "त्या दिवशी काय झालं मला माहीत नाही. हात थांबला होता एवढं खरं, आणि मी रडलो तेही खरं. आता तो हलतोय, हेही खरं. यातलं एकही मी खोडून काढणार नाही. पण माझ्या हाताकडे बघून कुणी काही ठरवू नका. कुणी औषध सोडलं असेल तर..."

त्यांनी ताईकडे पाहिलं. ती उठली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाकांच्या मधल्या वाटेने ती ताडताड चालत बाहेर निघून गेली, आणि तिची आई पदर सावरत तिच्यामागे धावली. पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं आणि व्यासपीठावरून खाली उतरून मामांच्या शेजारी येऊन उभे राहिले. माईक वरच राहिला होता, त्यामुळे ते काय म्हणाले ते फक्त पहिल्या दोन बाकांना ऐकू आलं. "चूक माझी जास्त आहे," असं म्हणाले म्हणे.

मामा मात्र थांबले नाहीत. ताईच्या घरी पोचले तेव्हा ती शिलाई मशीनसमोर बसली होती, पाठमोरी. आई दाराशी उभी होती. तिने मामांना आत जाऊ दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"फसवलंत मला," ताई न वळता म्हणाली.

"हो."

"तुम्हाला मी दुकानात येऊन सांगितलं. तेव्हा तरी बोलायचं होतं."

"हो गं. बोलायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

ती वळली. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. ती तिने मामांसमोर धरली. "परवा मी इथे खाली पडलेली होते, या मशीनच्या पायाशी. जाग आली तेव्हा सुई बोटात मोडली होती. आई बाजारात गेली होती. मी आईला सांगितलं, सुई घसरली."

"परवा?" आई म्हणाली.

"का नाही सांगितलंस?" मामांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना उत्तर कळलं.

"लोक म्हणतील, हिचा विश्वास कमी पडला." ताईने पट्टीचं सुटलेलं टोक पुन्हा खोचलं. "मामांना बरं केलं आणि मला नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे, असं वाटलं मला. दोन रात्री मी देवाची माफी मागत होते. कशाची तेच माहीत नाही!"

मामा खाली जमिनीवर, कापडाच्या चिंध्यांवर बसले. आपण देवाला जे विचारत होतो, तेच ही पोर त्याच दिवसांत, दोन गल्ल्या पलीकडे, एकटी विचारत होती. आणि एका खोट्या मुठीने दोघांना एकमेकांपासून दूर ठेवलं होतं. त्यांना फार, फार वाईट वाटलं.

"मग तुम्ही अजून त्याच्याकडे कशाला जाता?" ताईने विचारलं. "तुमचा हात तर गेला."

"भांडायला जातो," मामा म्हणाले. "रोज जातो. मला दुसरीकडे कुठे जाताच येत नाही गं. जाऊन बघितलं, शटरपर्यंतच पोचलो."

ताई रडता रडता हसली. मग ती कपाटाकडे गेली, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. "म्हणजे परत आईने बाथरूमबाहेर उभं राहायचं," ती म्हणाली.

"मी उभी राहीन," आई दारातून म्हणाली. "गाणं म्हण तू. मी बाहेरून साथ देईन."

मामांनी उठून माठातून पाणी घेतलं. त्यांच्या हातातून ताईपर्यंत पोचेपर्यंत भांड्यातलं निम्मं पाणी फरशीवर आणि निम्म्यातलं निम्मं तिच्या नव्या ब्लाऊजपीसवर सांडलं. ताईने भांडं त्यांच्या हातातून काढून घेतलं, उरलेल्या घोटाबरोबर गोळी गिळली, आणि उद्या डॉक्टरकडे जाऊन सगळं खरं सांगायचं असं आईने तिच्याकडून कबूल करून घेतलं.

मग ताई मामांसमोर स्टुलावर बसली आणि तिने डोकं खाली वाकवलं.

"आता करा प्रार्थना," ती म्हणाली. "गोळी पोटात आहे. आता करा."

मामांनी डावा हात पुढे केला, कारण तो स्थिर होता. ताईने मान हलवली. "तो नाही. हा."

त्यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. हात थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर तिचे केस, तिची वेणी, तिच्या कानातलं, सगळंच हलत होतं. मामांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडाला शब्द फुटले. पण ते अजून "हे प्रभू" एवढंच म्हणतायत, तोवर ताईने वर हात नेऊन त्यांचा हात आपल्या डोक्यावर घट्ट दाबून धरला.